हिरवा साप आणि सेरितोचे शहाणे

सेरितोच्या आरोग्य केंद्रात डोना ओंदिना एकतीस वर्षं नर्स होती, आणि या एकतीस वर्षांत गावात तिला एकही अक्कल असलेला माणूस भेटला नाही. हे ती लपवतही नसे. तापलेल्या बाळाला चार घोंगड्यांत गुंडाळून आणणाऱ्या आईला ती विचारी, "शिजलंय, की अजून थोडा वेळ ठेवायचंय?" कुऱ्हाडीच्या जखमेवर कोळ्याचं जाळं चिकटवून आलेल्या म्हाताऱ्याला म्हणे, "कोळी कुठाय? तोही आणायचा होता, टाके त्यानेच घातले असते." लोक ओशाळं हसत आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच येत. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. बाकीचे दिवस केंद्र म्हणजे ओंदिनाच.

सापाचा विषय निघाला की मात्र तिची जीभ दुप्पट चाले. त्याला कारण तिचा थोरला भाऊ ओतासिल्यू. तेविसाव्या वर्षी भाताच्या पाटाशी गवत कापताना त्याच्या हाताला हिरवा साप चावला. बापाने त्याला लाउरिंदू नावाच्या मांत्रिकाकडे नेलं. लाउरिंदूने मनगटावर चामड्याची वादी करकचून आवळली, चावलेली जागा सुरीने उभी चिरली, तीत तंबाखू भरली, अर्धा पेला उसाची दारू ओतासिल्यूला पाजली आणि उरलेली बाटली स्वतः संपवली. वादी दीड दिवस सोडली नाही. बोटं काळी पडली आणि शहरात नेऊन त्यातली दोन कापावी लागली. गाव म्हणालं, काय जहरी साप हो, लाउरिंदू होता म्हणून पोरगा वाचला. बापाने लाउरिंदूला एक मेंढा नेऊन दिला.

ओंदिना पुढे नर्सिंग शिकायला गेली तेव्हा तिला कळलं, की या सापाचे विषारी दात जबड्यात पार मागे असतात आणि विष अगदी बेताचं असतं. भावाची बोटं सापाने खाल्लीच नव्हती, वादीने खाल्ली होती. त्या दिवशी ती हॉस्टेलच्या पायरीवर बसून रडली आणि रडून झाल्यावर तिला जो राग आला तो कायमचा.

दर वर्षी वसंतात साप निघू लागले की ती शाळेच्या हॉलमध्ये गावाला जमवायची. "जरारका, ती तपकिरी जहरी सापीण, चावली तर एक मिनिट न घालवता शहर गाठायचं. ती रक्त गोठूच देत नाही. आणि हिरवा साप? तो काही करत नाही! तुमच्या सासवा जास्त विषारी आहेत. साबणाने हात धुवा आणि कामाला लागा. कुणी वादी बांधून आलात, तर तीच वादी तुमच्या गळ्याला बांधीन."

हे पूर्ण खरं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. या सापाने नुसतं टोचून सोडलं तर ओरखड्यापलीकडे काही होत नाही. पण धरून चावत राहिला, तर मागचे दात लागतात, आणि मग हात खांद्यापर्यंत सुजतो, काळानिळा पडतो, दिवसचे दिवस ठणकतो. असे दोन रोगी तिने स्वतः पाहिले होते. पण गावाला सांगितलं नाही. या लोकांना चिमूटभर भीती दिली तर ते पोतंभर करून घरी नेतील, असं तिचं मत होतं.

मग ग्रामदेवतेच्या, म्हणजे संत रोकच्या, जत्रेचा दिवस उजाडला. दुपारी देवळामागे मांस भाजायला चर खणला होता. सरपणाच्या ढिगातून हातभर लांबीचा हिरवा साप सळसळत निघाला आणि बायका किंचाळल्या. तिथे देर्ली आंतुनेस होता. हा घोड्यांचा दलाल. पट्ट्यात चांदीच्या मुठीची सुरी, मिशीला तेल, आणि चार माणसं जमली की आवाज आपोआप मोठा. त्याने सापाची मान पकडली.

"घाबरता काय? डोना ओंदिनाला विचारा, हा काही करत नाही!" असं म्हणून त्याने आपल्या तळहाताची कड सापाच्या तोंडात दिली.

सापाने ती धरली आणि चघळायला लागला. लोक टाळ्या वाजवत मोठ्याने मोजू लागले. वीस झाले, तीस झाले. पन्नासला देर्लीने साप सोडवून कुंपणापलीकडे फेकला आणि टोपी काढून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. हातातून रक्त ओघळत होतं, तिकडे त्याने बघितलंही नाही.

मांस ताटात पडेपर्यंत त्याचा हात पावासारखा फुगला होता. चारच्या सुमाराला सूज कोपराच्या वर गेली आणि दंडावर जांभळे डाग उमटले. पाच जण त्याला धरून आरोग्य केंद्रात घेऊन आले, आणि पाचही जण एकदम बोलत होते.

"जरारकाच होती ती!" त्याचा मेहुणा नेरी म्हणाला. "हिरव्या रंगाची!"

"हिरव्या रंगाची जरारका," ओंदिना म्हणाली. "आणि घोडा निळ्या रंगाचा बघितलायस का कधी? बस खाली, देर्ली."

"शहरात नेतो," नेरी म्हणाला. "गाडी चालू ठेवलीय. सापाचं इंजेक्शन तिथेच मिळतं."

"ते जरारकावरचं आहे. याच्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. वर ते घोड्याच्या रक्तापासून करतात. एखाद्याला सोसत नाही, श्वास कोंडतो. याने आयुष्यभर म्हातारे घोडे तरणे म्हणून विकलेत, आता त्यांना सूड घ्यायची आयती संधी कशाला देतोस?"

तोंड चालू होतं, पण हात कामाला लागले होते. तिने डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, रक्त गोठतंय का पाहा, मी निघालोच. तिने देर्लीच्या दुसऱ्या हातातून काचेच्या नळीत रक्त काढलं, नळी टेबलावर उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "वीस मिनिटं. नळीला हात लावायचा नाही, आणि कुणी बोलायचंही नाही. गोठलं नाही, तर मी स्वतः गाडीत बसून शहरात येते."

देर्लीचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाराव्या मिनिटाला तो हळूच म्हणाला, "डोना ओंदिना, तुम्हीच म्हणाला होतात, काही करत नाही म्हणून."

"काही करत नाही म्हणाले होते. तोंडात हात घाल नव्हते म्हणाले."

पाचही जण हसले. ओंदिना हसली नाही. तिने पाठ वळवली आणि उगाचच कपाटातला कापूस दुसऱ्या खणात ठेवला. या मूर्खाने तिचा शब्द प्रमाण मानला होता. सत्तावीस वर्षं तिला वाटायचं, गाव आपलं ऐकत नाही. ऐकत होतं, हेच खरं तर जास्त भयंकर होतं.

वीस मिनिटांनी तिने नळी तिरकी केली. रक्त जेलीसारखं घट्ट जागच्या जागी राहिलं. "जरारका नाही," ती म्हणाली. "मरणार नाहीस. तुझं नशीब चांगलं, गावाचं नाही."

डॉक्टरने येऊन तेच सांगितलं. देर्ली दोन दिवस केंद्रात राहिला. त्याची अंगठी कापून काढावी लागली. हात सलाइनच्या दांडीला उंच टांगलेला, धनुर्वाताचं इंजेक्शन, ठणक्यावर गोळ्या. काखेत गाठ सुजली, तिला बोट लागताच तो ओरडायचा. "गप," ती म्हणायची, आणि पट्टी बदलताना हात मात्र हलका ठेवायची. तिसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली, डाग हिरवट-पिवळे झाले. नवव्या दिवशी त्याला मूठ मिटता आली.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ती देवळाच्या दारात उभी राहिली. "ऐका. हिरव्या सापाबद्दल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. पूर्ण सांगितलं तर तुमच्या डोक्यात मावणार नाही, असं वाटलं. चूक झाली. आता पूर्ण ऐका." आणि तिने सूज, ठणका, डाग, रक्त, सगळं सांगितलं. "मरत नाही कुणी, पण दुखतं. चावून धरलं तर लगेच सोडवा. अंगठी काढा, हात धुवा, उंच धरा, माझ्याकडे या. आणि मोजत बसू नका."

मागून कुणीतरी विचारलं, "मग वादी बांधायची ना?"

ओंदिनाने डोळे मिटले. "नाही," ती म्हणाली, आणि तिच्या मानाने फार शांतपणे म्हणाली.

आता देर्ली घोड्यांच्या बाजारात सांगतो, की साप दोन मीटरचा होता आणि तो झोपलेल्या नेरीच्या अंगावर चढत होता. नेरीसुद्धा मान डोलावतो. निवृत्तीपर्यंतच्या चार वर्षांत ओंदिनाकडे या सापाने चावलेले अकरा जण आले. अकराही जण हात धुऊन, हात उंच धरून, निमूटपणे आले. त्यातल्या एकाने मात्र चावलेल्या जागेवर दातांची पेस्ट जाडसर थापली होती. ओंदिनाने ती बराच वेळ न्याहाळली.

"पुदिन्याची आहे का?" तिने विचारलं, आणि साबण आणायला गेली.