आखाजीची बोलणी

मे महिन्यात साक्रीच्या आठवडे बाजारात शाळेतली मुलं दिसली की मला लपावंसं वाटायचं. वांगी निवडत असताना मागून आवाज यायचा, "मॅडम, जूनमा येशात ना?" मी हसून मान हलवायची. येणार की नाही, ते मला तरी कुठं ठाऊक असायचं? आमच्या संस्थेत शिक्षकाला अकरा महिन्यांचा नियुक्ती आदेश मिळायचा. एप्रिल सरला की आदेश सरायचा आणि जूनमध्ये नवा निघायचा, जणू आपण या शाळेत आजच पहिलं पाऊल टाकतोय. मधल्या महिन्यात मी कोणाचीच मॅडम नसायची. त्याला 'खंड' म्हणतात. पुढेमागे कोणी कायम होण्याचा हक्क सांगू नये म्हणून तो मुद्दाम पाडलेला असतो. माझ्या नोकरीत इतके खंड पडले होते की सलग असं फक्त माझं वय वाढत होतं.

संस्थेच्या शाळा धुळे जिल्ह्यात गावोगावी होत्या आणि ऑफिस धुळ्यात. आमची संघटना उभी केली ती शिरपूरकडच्या शाळेतल्या मराठीच्या सरांनी. सगळे त्यांना नाना म्हणायचे. निवृत्तीला आलेले, स्वतः केव्हाच कायम झालेले. त्यांना या भानगडीत पडायची काही गरज नव्हती, तरी पडले, याबद्दल मी त्यांना आजही मानते. बाकी पुष्कळ गोष्टींबद्दल मानत नाही, ते पुढं येईलच.

बैठका शुक्रवारी संध्याकाळी व्हायच्या. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर धुळ्याचेच, मुसलमान सुतारांच्या घरातले. त्यांच्या मोठ्या भावाचा फर्निचरचा कारखाना होता. शुक्रवारी तो बंद असायचा, म्हणून आम्हाला मिळायचा. तिथं शाळांसाठी बाक बनत. नुकत्याच रंधा मारलेल्या, अजून पॉलिश न झालेल्या बाकांवर आम्ही बसायचो, आणि गंमत म्हणजे सगळे शिक्षक मागच्या बाकांपासून भरत यायचे. नाना ओरडायचे, "अरे, पुढं या, मी काही फळ्यावर बोलावणार नाही!"

मागणी एकच ठेवली होती. आदेशात खंड नको. नानांचं म्हणणं, चार मागण्या ठेवल्या की समोरचा त्यातली सगळ्यात फुकटची देतो आणि हार घालून घेतो. ते बरोबरच होतं. मला तर दुसरं काही नकोच होतं. मेमध्ये बाजारात मुलांना 'येणार' असं सरळ सांगता यावं, एवढंच मला हवं होतं.

बोलणी करायची ती संस्थेच्या अध्यक्षांशी. त्यांना सगळे आबा म्हणायचे, आम्ही त्यांच्या विरोधात घोषणा देतानासुद्धा 'आबा' असंच म्हणायचो. आबांची एक खोड मी पहिल्या बैठकीतच हेरली. गोड बोलायचे ते अहिराणीत आणि नाही म्हणायचे ते पुस्तकी मराठीत. "तुम्ही बठ्ठा मना घरनाच शेतस," म्हणजे तुम्ही सगळे माझ्या घरचेच, असं म्हणत चहा पाजायचे. मग चष्मा लावायचे आणि म्हणायचे, "सदर विषय कार्यकारिणीसमोर ठेवण्यात येईल." सदर विषय हिवाळ्यापर्यंत कार्यकारिणीसमोरच पडून राहिला. शेवटी आम्ही शाळा बंद ठेवायचं ठरवलं. फाटकाबाहेर मांडव घातला आणि त्यात जाऊन बसलो.

आता एस.टी.चा ड्रायव्हर संपावर गेला की एस.टी. उभी राहते. तो काही मागच्या दारानं जाऊन प्रवासी पोचवून येत नाही. आम्ही नेमकं तेच केलं. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. मांडवात बसले तरी माझ्या डोक्यात भूमितीची प्रमेयंच चालायची. कारखान्यातल्या बैठकीत मी विषय काढला आणि तिथं एकही माणूस विरोधात बोलला नाही. उलट सगळ्यांचे चेहरे खुलले. जो तो त्याचीच वाट पाहत होता. ठरलं असं की बंद चालू ठेवायचा, पण दहावीचं नुकसान होऊ द्यायचं नाही. शाळेबाहेर जागा मिळेल तिथं शिकवायचं, एक पैसा घ्यायचा नाही. असा शहाणपणा फक्त मास्तर लोकांनाच सुचतो.

आमच्या गावात बुद्धविहाराचा हॉल मिळाला. किल्ली एका अक्कांकडे असायची. त्यांचा नातू माझ्याच वर्गात होता. "पोऱ्हेसले शिकाडा," त्या म्हणाल्या, "किल्ली तुमनाकडेच ऱ्हावू द्या." कारखान्यातून प्लायवूडला काळा रंग मारून फळा आला. सकाळी विहारात गणित, दुपारी मांडवात घोषणा, असे ते दिवस गेले. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले शिकवण्याचे सगळ्यात चांगले दिवस तेच होते. घंटा नव्हती, हजेरी नव्हती, तपासायला कोणी येत नव्हतं. मुलं भिंतीला टेकून बसायची आणि अडलेलं गणित सुटेपर्यंत उठायची नाहीत.

परीक्षा संपली. गावातल्या पालकांनी त्याच हॉलमध्ये माझा सत्कार केला. नारळ दिला आणि हिरवी साडी दिली. आपल्याकडे बाईचा सत्कार साडीशिवाय होत नाही. मी नको नको म्हटलं, पण बायका रुसल्या. ड्रॉइंगच्या सरांना इतका आनंद झाला की त्यांनी फोटो काढून लगेच संघटनेच्या ग्रुपवर टाकला. साडी माझ्या हातात, मागं प्लायवूडचा फळा, त्यावर माझ्याच अक्षरात पायथागोरसचं प्रमेय.

मग आबांचा नानांना फोन आला. आवाज अहिराणीतला होता. "आखाजीले मळामा या. रस-मांडा खाऊत आन् बोलीबी टाकूत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात हा लेकींचा सण. लग्न झालेली लेक आखाजीला माहेरी येते, झोके खेळते, खापरावरचे मांडे आणि आमरस खाते. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं, खान्देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं. आई वाट पाहत होती. पण नाना म्हणाले, तुमच्याशिवाय जाणं बरं दिसणार नाही, दहावी तुम्ही सांभाळलीत. मी आईला दुसऱ्या दिवशी येते असं कळवलं आणि नाना, ड्रॉइंगचे सर आणि मी असे तिघं आबांच्या मळ्यात गेलो.

लिंबाच्या सावलीत खाटा टाकल्या होत्या. लिंबाला झोका बांधलेला होता. आम्ही बसलो न बसलो तोच आबांची बायको ओट्यावर आली. मोठी मायाळू बाई. "आखाजीनी लेक अशी बाहेर बसस का?" ती म्हणाली. "मझार ये." म्हणजे आत ये. मी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "जाऊन या, आम्ही आहोत ना." आबाही हसले. "जाय बेटा. तू बी मनी लेकच शे."

आखाजीला असं कोणी बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. मुंबई-पुण्याच्या बाईला कदाचित म्हणता येईल, मला आलं नाही. मी आत गेले.

आत सून उपड्या खापरावर मांडे टाकत होती. हातावर खेळवून वाढवलेला तो पातळ मांडा, तूप, रस. बाईनं मला पाटावर बसवून आग्रहानं वाढलं. मला खरंच बरं वाटलं. आईकडे न गेल्याची हुरहुर होती, ती तिच्या हातच्या घासानं थोडी निवली. बाहेरून अहिराणीतलं हसणं ऐकू येत होतं. जेवण झालं, हात धुतले, तशी ती म्हणाली, आता ओटी भरते. मला पूर्वेला तोंड करून बसवलं. दार माझ्या पाठीमागं आलं.

तिनं कुंकू लावलं. पदरात नारळ ठेवला, खण ठेवला. गव्हाची पहिली ओंजळ पडली आणि बाहेर आबांचा आवाज बदलला. शब्द तुटक तुटक येत होते. "हमीपत्र." "खाजगी शिकवणी." "संबंधित शिक्षिका."

संबंधित शिक्षिका पाटावर पदर पसरून बसली होती. ओटी भरत असताना उठत नाहीत. ते अपशकुनाचं असतं, भरणारीचा अपमान असतो, आणि पदरात धान्य असताना उठलं तर सगळं सांडतं. मी बसून राहिले. ती बाई हळूहळू, निगुतीनं, एकेक ओंजळ टाकत होती. तिला बाहेरचं माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. तिच्या घरात बाहेरचं आत कळायची पद्धतच नव्हती.

पदराची गाठ मारून मी बाहेर आले तेव्हा कोणी माझ्याकडे बघेना. ड्रॉइंगच्या सरांच्या वाटीतला रस तसाच होता, त्यावर माश्या बसत होत्या. आबांनी चष्मा लावलेला होता. त्यांच्या मोबाइलवर माझ्या सत्काराचा तो फोटो होता, ग्रुपवरून कोणी पुढं पाठवला कोण जाणे.

"खाजगी शिकवणी घेणार नाही, असे हमीपत्र आपण दरवर्षी देता," ते म्हणाले. "नियम सर्वांना सारखा आहे."

"मी फुकट शिकवलं, आबा. शाळेच्याच मुलांना."

"साडी स्पष्ट दिसते आहे."

मग त्यांनी काय देऊ केलं होतं ते नानांनी मान खाली घालून सांगितलं. सगळ्या शाळांमधल्या सगळ्या शिक्षकांना जूनपासून खंडाशिवाय आदेश. एक सोडून. बंदचा दबाव म्हणावा, तर आबा हसून म्हणाले होते की शाळा बंद होत्या, तरी पोरांचे पेपर उत्तम गेले, तुमच्या बंदानं अडलं काय? पेपर उत्तम गेले होते. मीच तर तयारी करून घेतली होती.

"आम्ही सही केलेली नाही," नाना म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. मी आत असताना त्यांना उठता आलं असतं. त्यांच्या पदरात गहू नव्हते. नाही म्हणून, खाटेवरून उठून, मला हाक मारता आली असती. ते बसून राहिले आणि मग सगळं माझ्याच हातात ठेवलं.

"मॅडम, फोटो मी..." ड्रॉइंगचे सर म्हणाले.

"करा सही," मी म्हणाले.

मी उदार वगैरे झाले नव्हते. कारखान्यातल्या बाकांवर बसणारे सगळे चेहरे मला आठवत होते हे खरं, पण त्याहून खरं हे की मला तिथून निघायचं होतं. आबांनी सही केली, नानांनी केली. आबा उठले आणि पुन्हा अहिराणीत आले. म्हणाले, "राग नको धरू, बेटा." त्यांची बायको ओट्यावरून हात हलवत होती, पुढल्या आखाजीला ये म्हणत होती.

परतीच्या एस.टी.त नाना माझ्या शेजारी बसले. संघटना तुमच्या पाठीशी आहे, असं म्हणाले. पुढं आम्ही धुळ्याच्या वकिलाकडेही एकदा जाऊन आलो. त्यानं शांतपणे सांगितलं की तुम्हाला कोणी काढलेलंच नाही. आदेश एप्रिलमध्ये संपला होता, नवा निघाला नाही. ज्याला काढलंच नाही त्यानं दाद कसली मागायची? ज्या खंडाविरुद्ध मी भांडले, त्याच खंडात मला पुरलं होतं.

जूनमध्ये शाळा भरली. माझं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे घंटा ऐकू येते. पहिल्या दिवशी ती वाजली आणि मी हातातलं पातेलं खाली ठेवून पदर सारखा केला, सवयीनं. मग तशीच उभी राहिले. काही दिवसांनी नानांचा फोन आला. फार अवघडून बोलत होते. संघटनेच्या घटनेप्रमाणे सभासद होण्यासाठी चालू नियुक्ती आदेश लागतो, तेव्हा ग्रुपमधून तुमचं नाव तूर्त काढावं लागेल. मी म्हटलं, काढा.

ड्रॉइंगच्या सरांनी विहारातला तो फळा माझ्या घरी आणून स्वतः भिंतीला ठोकून दिला. आता मी खरोखरच खाजगी शिकवणी घेते. शाळेतले माझे जुने सहकारी, आता खंडाशिवाय नोकरी करणारे, गणितात कच्ची मुलं माझ्याकडे पाठवतात. भेटले की आदरानं बोलतात आणि लवकर निघतात.

पुढच्या आखाजीला मी माहेरी गेले. नोकरीचं आईला अजून सांगितलं नव्हतं. आईनं मांडे केले, रस केला. मग पाट मांडला, नेहमीसारखा पूर्वेकडे. मी तो उचलून फिरवला आणि दाराकडे तोंड करून बसले.

"अशी काहून बसली?" आईनं विचारलं.

"असंच," मी म्हणाले.

तिला ते पटलं नाही, पण सणाचा दिवस होता. तिनं कुंकू लावलं, पदरात नारळ ठेवला आणि गव्हाची ओंजळ भरता भरता विचारलं, "यंदा तरी कायम करतील ना तुला?" मी उघड्या दारातून अंगणाकडे बघत राहिले. अंगणात कोणीच नव्हतं. "करतील," मी म्हणाले, आणि तिनं दुसरी ओंजळ माझ्या पदरात टाकली.