तिसऱ्या रेषेवरची मुलगी

आमच्या सासरी उंची ही घराण्याची इस्टेट समजली जायची. सासरे तालमीतले, नवरा सहा फूट, दीर त्याहून बोटभर जास्त. शिवाजी पेठेत आमच्या घरचं माणूस गर्दीतही दुरून ओळखू यायचं. त्या घरात मी जेमतेम पाच फुटांची सून म्हणून आले आणि दीड वर्षांनी मला मुलगी झाली. ती नऊ महिन्यांची झाली तरी तिची पाचव्या महिन्यातली झबली तिला होत होती. जावेचा मुलगा तिच्याहून लहान, पण त्याला आखूड झालेले कपडे माझ्या लेकीला यायला लागले. जाऊ घड्या घालून, प्रेमानंच आणून द्यायची. मला ते कपडे बंबात घालावेसे वाटायचे.

सासूबाईंना कारण केव्हाच सापडलं होतं. बाळ बघायला कुणी आलं की त्या माझ्यासमोरच सांगायच्या, "आईवर गेलीया. आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार? पोरीची जात हाय, बुटकी ऱ्हायली तर करून कोण घेणार?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

लसीच्या वेळी डॉक्टरांनी तिची लांबी मोजली आणि तक्त्यावर एक ठिपका दिला. तक्त्यावर एकावर एक, वर वळत गेलेल्या रेषा होत्या. ठिपका सगळ्यात खालच्या, तीन आकड्याच्या रेषेवर बसला. "थर्ड पर्सेंटाइल," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी परत आणा. याच रेषेवर राहिली तर काळजी नाही. खाली घसरली तर मात्र पुण्याला पाठवून तपासण्या करून घेऊ." कसल्या तपासण्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. आकड्यांशी त्याचा संबंध दहावीला सुटलेला. त्यानं घरी येऊन जाहीर केलं, "शंभरात तीन पडल्यात." पस्तीसला पास असतात एवढं सासूबाईंनाही माहीत होतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मी परोपरीनं सांगितलं, की हे मार्क नाहीत. तिच्या वयाच्या शंभर मुली उंचीप्रमाणे रांगेत उभ्या केल्या तर ही खालून तिसरी, आणि कुठल्याही रांगेत खालून तिसरं कुणीतरी असतंच. मी बी.एस्सी. झालेली, मला हे नीट कळत होतं. कळल्यानं भीती मात्र काडीची कमी झाली नाही.

मूल सारखं मोजलं की त्याची वाढ खुंटते, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून रविवारी त्या अंबाबाईला गेल्या की मी खोलीचं दार लावायची आणि शिलाईच्या टेपनं लेकीला मोजायची. एका हातानं डोकं धरायचं, दुसऱ्या हातानं टाच. ती पाय झाडायची, टेप सुटायची, मी पुन्हा धरायची. एका रविवारी टेप मागच्या खेपेपेक्षा कमी भरली. पुन्हा मोजलं तर आणखी कमी. मूल वाढत नाही हे ऐकलं होतं, पण मूल आटतं कसं?

आणि मग आठवलं, की सकाळी उतू जाणाऱ्या दुधाकडे धावताना मी चटईवरच्या तिला ओलांडलं होतं. ओलांडलेलं मूल खुंटतं, उलटं ओलांडलं की दोष जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आणि हसण्यावारी नेत आले होते. त्या दिवशी मी दाराची कडी पुन्हा तपासली, साडी वर धरली आणि तिच्यावरून उलटी गेले. ती माझ्याकडे बघून खुदकन हसली. मला रडू फुटलं.

तीन महिने भरले त्या दिवशी नवऱ्याला दुकान सोडवेना, म्हणून सासूबाई सोबत आल्या. डॉक्टरांकडे लाकडाची मोजपट्टी होती, डोक्याकडची फळी पक्की, पायाकडची सरकणारी. "आजी, डोकं घट्ट धरा," ते म्हणाले. सासूबाईंनी धरलं. लेक किंचाळत होती. डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबून फळी तळव्यांना टेकवली, आकडा पुटपुटले आणि पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदा का मोजतात? न राहवून मी घरच्या मोजणीचं सांगून टाकलं. सासूबाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं.

"गादीवर, एकटीनं, टेपनं?" डॉक्टर म्हणाले. "गुडघा जरासा वाकला की फरक पडतो." मग ते पेन घेऊन तक्त्याकडे वळले. मी भिंतीकडे बघत राहिले.

"त्याच रेषेवर आहे. रेषा वर चढतेय, तशी हीही चढतेय. चण लहान आहे, पण वाढ थांबलेली नाही."

मी लेकीला उचलून घेतलं. डॉक्टरांनी सहज सासूबाईंना विचारलं, "हिचे वडील लहानपणी कसे होते?"

"असंच की. साळंत घालंपतूर मुठीएवढं व्हतं. मग वाढलं."

मला इतका संताप आला की दवाखान्यात तोंड उघडायची भीती वाटली. रिक्षात बसल्यावर मात्र मी विचारलंच. "आई, हे ठाऊक होतं, तर वर्षभर मला का बोललात?"

"मला बी माझी सासू असंच बोलायची," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "पोरगं बारकं म्हणून माझं प्यायचं दूध बंद केलतं तिनं. म्हणायची, हिला पाजून काय उपेग? ह्यो अंगावर पीत हुता तवर मला घोटभर दूध मिळालं न्हाय." मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, "तुझं मी कवा बंद केलं व्हय?"

नव्हतं केलं. रोज संध्याकाळी त्या साय घालून दुधाचा पेला भरून आणायच्या आणि मी तो संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. मला वाटायचं, त्या पहारा करतात.