सुजाताची वाटी

आमच्या घरात नवस बोलत नाहीत, अंगारे-धुपारे करत नाहीत, चमत्कार तर मुळीच मानत नाहीत. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्याला अनुभव म्हणावं की नुसती हकीगत, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. घडलं तसं सांगते.

दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही. लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार पोटातल्या जिवाचा नव्हताच. मी दवाखान्यात पडले तर सुजाताला जेवू कोण घालणार, हा होता. सुजाता माझी थोरली, तेव्हा साडेचार वर्षांची. तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. दुधातुपाचा अंश जरी पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. बिस्किटात दूध असतं, पावात असतं, पंगतीतल्या भातावर तूप असतं. ‘दुधानं कुठं लेकराला काय होतं का’ असं म्हणणारी माणसं तर गल्लोगल्ली असतात. आता दुसऱ्यालाही तेच निघालं तर? डॉक्टर म्हणाले, निघेल किंवा नाहीही निघणार, आधी सांगता येत नाही. मी ते उत्तर पोटाबरोबर सहा-सात महिने वागवलं.

मुलगी झाली तर सुजाता नाव ठेवायचं, हे सासूबाईंनी माझ्या पहिल्या खेपेलाच ठरवून टाकलं होतं. तपाने थकलेल्या सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता. पोर सात महिन्यांची झाली तेव्हा वैशाखी पौर्णिमा आली. वडीगोद्रीत आमच्या वस्तीतल्या विहारात खीरदान होतं. तिचा पहिला घास त्या दिवशी, त्या खिरीचा आणि आजीच्या हातचा, असं ठरलं. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. बोटावर एवढीशी खीर घेऊन त्यांनी तिच्या जिभेला लावली, सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं, आणि पाचच मिनिटांत माझ्या लेकीचा चेहरा मला ओळखू येईना. छातीतून शिटीसारखा आवाज यायला लागला. तिच्या पप्पांचं हायवेला गॅरेज आहे, तिथं दुरुस्तीला आलेला टेम्पो काढून आम्ही अंबड गाठलं. पोर वाचली. पण त्या टेम्पोत मी मनात एक गाठ मारली ती मारलीच.

त्या दिवसापासून सासूबाईंनी सुजाताला एक घासही भरवला नाही, कारण मी भरवू दिला नाही. तोंडानं मी कधीच काही बोलले नाही. त्या वाटीकडे हात न्यायला लागल्या की मी वाटी उचलायची, एवढंच. तिची भांडी वेगळी, चमचा वेगळा, फडकं वेगळं. स्वयंपाकघरात मी पोलीस ठाणंच उघडलं होतं म्हणा ना. आणि विहारात जाणंही हळूहळू सुटलं. कधी गेलेच तर त्रिशरण म्हणताना ओठ हलायचे, आत काही हलायचं नाही. कुणाला शरण जायचं, कशासाठी, असा कडवटपणा जिभेवर यायचा. ज्या मूर्तीपुढे माझी लेक गुदमरली, तिच्याकडे बघावंसंच वाटायचं नाही.

बाळंतपणाची व्यवस्था मी काटेकोर केली होती. हसनाबादहून माझी आई महिनाभर आधी येणार, तिला मी सगळं शिकवणार, मगच मी दवाखान्याचं तोंड बघणार. आई यायला आठ दिवस राहिले असताना माझे पाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तपासणाऱ्या बाईंनी रक्तदाब बघितला आणि आत्ताच्या आत्ता जालन्याला न्या म्हणाल्या. घरातून निघताना सुजाता आजीच्या लुगड्याला धरून दारात उभी होती. सासूबाई म्हणाल्या, “तू जा, मी हाय.” माझ्या तोंडातून एवढंच निघालं, “तिचं भांडं मांडणीत खालच्या खणात हाय.” जा म्हणणाऱ्या बाईला मी भांड्याची जागा सांगितली. पाच वर्षं त्या ते भांडं त्याच खणात बघत होत्या.

त्याच दुपारी सिझर झालं. मुलगा झाला, लहानखुरा होता म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मी खाटेवर पडून होते आणि मला एकच दिसत होतं, सासूबाईंचं खीर लावलेलं बोट. सुजाताचे पप्पा पेटीतल्या बाळापाशी, आईची एसटी अजून वाटेत. माझे डोळे वाहत होते, आवाज मी निघू देत नव्हते.

शेजारच्या खाटेवर कुणाची तरी सून होती. तिच्या उशाशी तिची सासू बसलेली, साठीतली, बोलण्यावरून आमच्या माहेरच्या बाजूची. ती टोपड्याला बंद शिवत होती. सुई न थांबवता तिनं विचारलं, “रडून का राह्यली गं? टाके दुखून राह्यले का?”

“पोरगी घरी हाय,” मी म्हणाले. “सासूपाशी.”

“मंग? चांगलंच हाय की.”

आणि मग काय झालं कोण जाणे, पाच वर्षांत नवऱ्याशीही जे धड बोलले नव्हते ते मी त्या अनोळखी बाईला सांगितलं. पौर्णिमा, खीर, बोट, टेम्पो. सासूबाईंनी माझी पोर मारायचीच बाकी ठेवली होती, असंही बोलून गेले. बाईनं सगळं ऐकून घेतलं. दोरा दातानं तोडला.

“आन् ती खीर रांधली कोणी व्हती?”

“मी,” म्हणाले.

“वाटी तिच्या हातात?”

“मीच दिल्ती.”

“तुझ्या हातानं पोरगी जेवती. सासूच्या हातानं न्हाई. असं कसं गं बाई?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तसं तिनं विचारलं आणि टोपडं सुनेच्या उशाशी ठेवून दिलं.

त्या वर्षी विहारातल्या खिरीची पाळी माझी होती. दूध मीच आटवलं होतं, वाटी मीच भरली होती, “आत्या, भरवा ना” असा सासूबाईंना आग्रहही माझाच होता. हे मी विसरले नव्हते. मी त्याच्याकडे बघत नव्हते. आपल्याच हातांचं भय इतकं होतं की ते मी दुसऱ्याच्या हातांवर ठेवून मोकळी झाले होते. त्या क्षणी मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणायला लागले, ठरवून नव्हे, आपोआप. काही मागितलं नाही. एकटीनं हे माझ्याच्यानं होत नाही, एवढं मात्र मला पहिल्यांदा मान्य झालं.

थोड्या वेळानं घरून फोन आला. सासूबाई होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्या सांगायला लागल्या, “जेवली गं ती. भाकर आन् साधं वरण. तिच्याच भांड्यात केलं. हात साबणानं दोनदा धुतले मी.” आरोपीनं जबाब द्यावा तशा बोलत होत्या. मला त्यांना थांबवायचं होतं, पण मी ‘बरं, आत्या’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डोळा लागून उठले तर शेजारची खाट रिकामी होती. त्यांना घरी सोडलं होतं. त्या बाईचं नाव, गाव काहीच मी विचारलं नव्हतं. नंतर पुष्कळदा वाटलं की ती त्या दिवशी त्याच खाटेपाशी का असावी. उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी ते शोधतही नाही.

बाळाला घेऊन घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यापाशी कोरा चहा पीत होत्या. कोऱ्या चहाची त्यांची सवय जुनी. पित्त होतं म्हणून त्या दूध घालत नाहीत, असं त्याच सांगायच्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “आत्या, आता तरी चहात दूध घ्या, आठ दिवस दमल्या तुम्ही.” तेवढ्यात सुजाताच म्हणाली, “मम्मी, आजी दूध न्हाई पित. तोंडाला दूध लागलं तर माझा मुका कसा घेणार?”

सासूबाईंनी कप तोंडाला तसाच धरून ठेवला. घरातला चमचा न् चमचा मी पाच वर्षं तपासत होते. त्यांचा कप मला दिसला नव्हता. मी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तिथंच खाली बसून रडले, टाक्यांना हात लावून.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. बाळाच्या गालावर दोनदा लाल चट्टे उठून गेलेत. तो अंगावर पितो म्हणून मीही आता दूध सोडलंय, डॉक्टर थांबू म्हणतात. सुजाता वाढदिवसाला केक मागते आणि मी पाठ फिरवते. घरात भीती आहेच, ती कुठे जाणार. फक्त आता ती आम्ही दोघी मिळून बाळगतो.

यंदाच्या पौर्णिमेला आम्ही सगळे विहारात गेलो. कढईतली खीर दुधाची होती. सासूबाईंनी घरी सुजाताच्या भांड्यात नारळाच्या दुधाची वेगळी खीर केली होती. तो डबा त्यांनी आधी मूर्तीपुढे ठेवला, वंदन केलं, मग वाटीत खीर काढली आणि सवयीनं वाटी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

“आत्या, तुम्हीच भरवा.”

“तू हाय ना जवळ?” त्यांनी विचारलं.

“हाय.”

शरण जायचं म्हणजे हात जोडायचे, एवढंच मला माहीत होतं. हात आवरून बसणं त्याहून अवघड आहे, हे त्या दिवशी कळलं. सासूबाईंनी चमचा सुजाताच्या ओठांना लावला. माझा जीव तिच्या श्वासात अडकला होता. मांडीवरचं बाळ मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि वाटीला हात लावला नाही.

“आजी, अजून,” सुजाता म्हणाली.