साडेपाचचा मिस्ड कॉल

आखातातल्या महबूल्याच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली आम्ही २००४ साली सुरैयाला दिली. ती मूळची महाडची, इथे शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळायची. वागायला चोख, पण फोनची एक खोड. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला कानाला फोन लावायची, दोन रिंगा ऐकायची आणि एक शब्द न बोलता ठेवून द्यायची. नवरा तिकडे गावाला आणि हिचं हे असं! मी मनातल्या मनात तिचं लफडं ठरवूनही टाकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे एक दिवस विचारलंच.

"नवऱ्यालाच करते, प्रभाभाभी. तिकडे आठ वाजलेले असतात, त्याच्या गोळीची वेळ. गोळी गिळली की तो फोन कट करतो. मग मी माझ्या कामाला लागते."

कसली गोळी, तेही तिने सरळ सांगितलं. कमाल, तिचा नवरा, इथल्याच अम्गऱ्याच्या भंगार यार्डात फोरमन होता. २००१ मध्ये इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, मेडिकलला एचआयव्ही निघाला आणि त्याला मायदेशी पाठवलं. सुरैयाची तपासणी निगेटिव्ह आली, तिचा व्हिसा शाळेचा होता, ती राहिली. रोग कुठून आला हे कमालने तिच्यापासून लपवलं नाही. वर्षभर ती त्याच्याशी बोलली नव्हती. पण तो खंगत चालल्याचं कळलं तेव्हा हिचाच जीव तुटायला लागला. आता मुंबईच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत होत्या, त्याचं वजन भरलं होतं आणि तो पुन्हा टेम्पो चालवत होता.

हे ऐकून मी काय केलं? तिचा चहाचा कप वेगळा ठेवला. आठवडाभर तिने पाहिलं, मग म्हणाली, "भाभी, मला नाही. असता तरी कपातून तुम्हाला झाला नसता. सुट्टीवर गेले की आम्ही निरोध वापरतो आणि मी तपासणी करून घेते. एवढं तर तुम्हाला माहीत असेल ना, शिकलेल्या तुम्ही?" मी ओशाळले. कप परत सगळ्या कपांत ठेवला.

मग २००५ चा जुलै आला. सव्वीस तारखेला महाड पाण्याखाली गेलं आणि फोन बंद पडले. तरी सुरैया दोन्ही साडेपाचला नंबर फिरवायची आणि फोन लागत नाही सांगणारी तीच टेपवरची बाई ऐकायची.

तिसऱ्या दिवशी मी चिडले. "अगं, माणूस सुखरूप आहे की नाही ते बघ. गोळ्यांचं काय घेऊन बसलीस?"

"माणूस माळ्यावर चढेल, भाभी. पण गोळ्या खालच्या कपाटात आहेत. सारखा खंड पडला तर त्या आजाराला औषधाची सवय होते. मग ह्या गोळ्या चालत नाहीत, आणि दुसऱ्या फुकट मिळत नाहीत." एवढं बोलून ती भाजी चिरायला बसली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी रिंग गेली. एक, दोन, तीन. फोन कट होईना. सुरैयाने माझा दंड घट्ट धरला. सहाव्या रिंगला पलीकडून चक्क फोन उचलला गेला. एवढ्या दिवसांत कमालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"गोळी?" सुरैया एवढंच म्हणाली.

"घेतली. एकही चुकली नाही. डबा डोक्याला बांधून माळ्यावर चढलो होतो. मोबाइल आत्ता जनरेटरवर चार्ज केला."

"अंधारात, पाण्यात, आठ वाजलेले कसे कळले तुला?"

"आठ नाही बघत मी. मनगटावर घड्याळ आहे ना. तिथून आलो तेव्हापासून काटे फिरवलेच नाहीत. साडेपाच वाजले, म्हणजे तू फोन हातात घेतला असशील."

मग त्याने सवयीने फोन कट केला.