न धुतलेला डबा

घरगुती डबे पुरवणाऱ्या काकूंचा पहिलाच नियम ऐकून आमची बायको डबा नको म्हणायला निघाली होती. "डबा धुऊन पाठवायचा नाही. जेवून झालं की तसाच झाकण लावून परत." दुसऱ्याचं भांडं घासून, वर चिमूटभर साखर घालून परत करणारं आमचं घर. हे म्हणजे अब्रूवरच आलं.

काकू गुहागरकडच्या. इथे आखातात, ईसा टाउनमध्ये आमच्याच इमारतीत खाली राहायच्या, काका ड्रायव्हर. संध्याकाळी परत आलेले डबे काकू सिंकपाशी मांडून एकेक उघडायच्या. कोणी काय टाकलं ते पाहिल्याशिवाय नळ सोडायचा नाही. मला वाटे, चवीची काळजी. "चव माझी मला माहीत आहे ओ," त्या फणकारायच्या, "माणूस बरा आहे का ते बघते."

सीफ भागातल्या आमच्या ऑफिसात पुण्याचा एक इंजिनियर होता. पोळी, कोरडा बटाटा आणि मोकळा भात, एवढंच खायचा. आम्ही त्याला 'बाळ' म्हणून छळायचो. काकूंनी त्याच्यासाठी खणांचा डबा आणला. एक पदार्थ दुसऱ्याला लागायचा नाही. "नखरे नाहीत ते. ओल्या भाजीचा नुसता वास आला की त्याचा घसाच मिटतो."

मी मात्र दोन डबे घ्यायचो. दुसरा 'ऑफिसातल्या मित्रासाठी'. हा मित्र मॉलच्या पार्किंगमध्ये, माझ्याच गाडीत, माझ्याच तोंडाने जेवायचा. भूक नसताना, घाईघाईने, थांबता न येऊन. आणि मग दिवसभर मान खाली. काकूंनी एकदाच विचारलं, "दोन्ही डब्यांत कढीपत्ता एकाच कोपऱ्यात कसा रचलेला असतो ओ भाऊ?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग दहावीतल्या ईराचा, आमच्या मुलीचा, काकूंचाच डबा शाळेतून लखलखीत येऊ लागला. मी कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटलो, "पोरगी शहाणी झाली, डबा घासून आणते!" त्याच संध्याकाळी, कधी नव्हे त्या, काकू जिना चढून वर आल्या.

"भाऊ, ईरा जेवत नाही."

"अहो, डाएट असेल. या वयात..."

"डाएटवाली पोर भात तसाच ठेवते. ही फेकून देऊन डबा पुसून टाकते. माझी धाकटी बहीण अशीच गेली. आम्ही उपास समजलो. देवभोळी म्हणून कौतुक केलं तिचं."

मी त्यांच्यासमोरच दवाखान्याला फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. कोणी जेवणच तोडतं, कोणी खूप खाऊन भीतीपोटी उलटी काढतं, कोणाचा ताबा सुटतो आणि तो लपून खात राहतो, कोणाला ठरावीक पदार्थांपलीकडे गिळवतच नाही. अंगकाठी बघून यातलं काही ओळखता येत नाही. हा हट्ट नव्हे, आजार आहे. आणि त्यावर उपचार आहेत. तिसऱ्या प्रकाराला मी खुर्चीत उगाच हललो. प्रत्येक प्रकाराला इंग्रजी नाव होतं. काकू ते सिंकपाशी बिननावाचे ओळखत होत्या.

उपचार लांबले. त्यात माझं योगदान असं, की महिनाभराने जेवताना मी ईराला खुशीत म्हणालो, "वा, छान भरलीस!" ताट तिथेच सरकलं. काकू समोरच होत्या. नंतर मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "खलास! बस झालं. पोरीच्या अंगावर बोलायचं नाही. सुकलीस नाही, भरलीस नाही. काही नाही."

त्या स्वतः कधी 'खा गं' म्हणाल्या नाहीत. दर शुक्रवारी ईराला घेऊन लसूण सोलत बसायच्या. "या आठवड्यात कोणाशी भांडलीस?" ईरा इंग्रजीत सांगायची, काकू गुहागरच्या मराठीत त्या मैत्रिणींचा उद्धार करायच्या. दोघींचं काही अडायचं नाही.

गेल्या महिन्यात काकांचा व्हिसा संपला. शेवटच्या दिवशी ईरा स्वतः डबा घेऊन खाली गेली, मी मागे. काकूंनी सवयीने झाकण उघडलं. पोळी नव्हती, आमटी नव्हती. भेंडी मात्र सगळीच्या सगळी.

"का गं?"

"टू स्लायमी, काकू. सॉरी. आय हेट इट."

आपल्या भाजीला कधी कोणाला नावं ठेवू न देणाऱ्या काकू त्या भेंडीकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले. "नावडली होय? नुसती नावडली? बरं झालं गं बाय माझे!"

मग पदराने डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचा तो मित्र काय म्हणतो, भाऊ?"

"सोमवारी नेतोय त्याला," मी म्हणालो, "ईराच्याच डॉक्टरीणबाईंकडे."