माझी श्रद्धा कमी पडली म्हणे

माझ्या डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका आहे. नातवंडं त्याला आजीचं मेडल म्हणतात आणि मी त्यांना अडवत नाही. मेडल लढाईत मिळतं. मीही लढले होते. फक्त आपली फौज कोणती, हे पाहायचं राहून गेलं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. जवळा बाजारच्या जवळ माझं सासर. लग्नाला दोन उन्हाळे झाले होते, वय पंधराच्या आसपास, अक्कल त्याहून कमी. भक्ती मात्र चार गावांना पुरून उरेल एवढी. उपवास धरला की पाणवठ्यावर शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असा सुस्कारा मी सोडायचे. कुणी विचारलं, काय झालं गं, की म्हणायचे, काही नाही, निर्जळी आहे. असा उपवास देवापर्यंत पोचायचा की नाही ठाऊक नाही, गावभर मात्र पोचायचा.

त्या साली गावाबाहेरच्या पारावर एक बुवा येऊन बसला. फारसा बोलायचा नाही, त्यामुळे तो ज्ञानी आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. धुनी पेटवायचा आणि येईल त्याला राख द्यायचा. पोटदुखीला राख, दूध आटलेल्या म्हशीला राख, नांदत नसलेल्या सुनेलाही राख. धुनीला सरपण द्यायची सेवा मी मागून घेतली. कापूस वेचून झाला की शेतात वाळक्या पऱ्हाट्या उरतात, त्यांचा ढीग आमच्या परसात असायचा. रोज सकाळी त्यातली मोळी डोक्यावर घेऊन मी निघायचे. जवळची पांदण सोडून पेठेतून लांबून जायचे. सेवा दिसायला नको का?

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या तुळशीला पाणी घालायच्या, नागनाथाला हात जोडायच्या, पण कुणी म्हणालं की देव माझ्याशी बोलतो, तर शांतपणे विचारायच्या, "काय जेवला म्हणं आज?" मला त्या पक्क्या नास्तिक वाटायच्या. त्यांच्या वतीनं मी देवाची रोज माफी मागायचे.

चैतात गावात डोळ्यांची साथ आली. माझ्या धाकट्या नणंदेचे, दहा-अकरा वर्षांच्या पोरीचे, डोळे आले. इतरांचे निवळले, हिचे चिघळत गेले. पापण्या चिकटून बसायच्या, उजेड सोसायचा नाही. एका सकाळी ती थेट चुलीवर धडपडली, कारण चूल तिला दिसलीच नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता गाडी जुंपा, हिंगोलीच्या दवाखान्यात न्या. सासरे म्हणाले, आधी बुवाला विचारू. बुवानं निरोप धाडला की दवाखान्याचं पाणी एकदा डोळ्यात गेलं तर पुढं राखेचा गुण येत नाही. उद्या आपण स्वतः येऊन राख घालू, असंही कळवलं. सासऱ्यांचं मन थोडं मागंपुढं होत होतं. ते पुढं ढकलायला घरात एक वकीलीण होती. मी कपाळापर्यंत पदर ओढून, दाराआडून, वाक्यागणिक श्रद्धा हा शब्द घालत त्यांना पटवलं. पटवून झाल्यावर मला माझाच फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी बुवा ओसरीवर आला. नणंद बाजेवर, डोळ्यांवर ओला फडका. सासरे हात जोडून उभे. आत्याबाई बुवाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी मलाच विचारलं,

"धुनीत काय जळून राहिलं गं?"

"पऱ्हाट्या. आपल्याच," मी तोऱ्यात म्हणाले.

"अन् वाकळा कशानं धुतो आपण?"

पऱ्हाटीच्या राखेनं. ती पाण्यात कालवायची, निवळ काढायची, त्यात वाकळा उकळायच्या. वर्षाचा मळ निघून जायचा आणि त्याबरोबर हाताची सालटंही. मागच्याच महिन्यात माझी निघाली होती. एखाद्या शेरडालाही यावरून उमगलं असतं. मी म्हणाले, "आत्याबाई, ती घरची राख. ही धुनीची."

"ढीग तर एकच हाय न्हवं?"

"पण मंत्र घातलाय तिच्यात."

"मंग ज्यानं घातला त्यानं आधी सोताच्या डोळ्यात घालावी," आत्याबाई म्हणाल्या.

बुवा म्हणाला, धडधाकट डोळ्याला औषध लागत नाही. आणि चिमूट घेऊन बाजेकडे वळला.

घरी आलेल्या आपल्या बुवाचा सासूनं पाणउतारा केला, हे मला सोसेना. मी पुढं झाले, त्याच्या बोटांतून राख घेतली, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून तोंड अंगणाकडे केलं आणि डाव्या डोळ्यात सोडली. उजव्यात घालायची वेळच आली नाही.

आग आग झाली. कुठं पळावं कळेना, तर मी खांबालाच धडकले. आत्याबाईंनी मानगूट धरून मला रांजणाशी नेलं आणि तांब्यामागून तांब्या डोळ्यावर ओतत राहिल्या. "बोंबल किती बोंबलायचं ते, पण डोळा मिटू नको." आणि ओतण्याच्या त्या आवाजातून मला बुवाचं बोलणं ऐकू आलं. तो सासऱ्यांना सांगत होता,

"पोरीची श्रद्धा कमी पडली."

डोळ्याचं मी एखादे वेळी पोटात घातलं असतं. पण श्रद्धा कमी? माझी? सबंध पंचक्रोशीत माझ्याइतकी श्रद्धा कुणाची होती? मोळ्या कुणी वाहिल्या, पेठेतून लांबून कोण गेलं? मी ठिबकत्या तोंडानं उठले. सासऱ्यांशी फक्त दाराआडून बोलणारी मी, त्या दिवशी ओसरीच्या मधोमध उभी राहिले.

"मामा, गाडी जुंपा."

 एका डोळ्याच्या सुनेला नाही कोण म्हणणार? ते बैलांकडे गेले. बुवाला कुणी जा म्हणालं नाही. चार दिवसांत आपणच गेला. सरपण थांबलं होतं.

गाडीत दोघी शेजारी पडलो होतो. नणंदेनं विचारलं, "वैनी, लई जळतंय का?"

"न्हाई."

"मंग रडून काहून राहिल्या?"

"तुला सोबत म्हणून."

हिंगोलीत बरेच दिवस मुक्काम पडला. दवाखान्यातल्या औषधानं तिची दृष्टी हळूहळू परतली. पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते माझं सुजलेलं थोबाड, आणि ती खदखदून हसली. त्या हसण्यापुढं माझा ठिपका काहीच नव्हता.

लोकांना वाटतं, ज्यांना अध्यात्माचा संशय येतो त्यांच्यात भक्ती नसते. इतरांचं मला माहीत नाही. माझा संशय माझ्या भक्तीच्याच पोटचा. भक्ती थोडी कमी असती तर राख नणंदेच्या डोळ्यात गेली असती. पुढं कुणी अंगारा घेऊन गावात आला की बाया म्हणायच्या, आधी त्या डोळ्यात राख घातलेल्या सुनेला दाखवा. मी जायचे. पेठेतूनच, लांबून.

नणंद आता सत्तरीच्या घरात आहे. अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. डावीकडचं मला धूसर दिसतं, म्हणून वाकळ शिवायला बसले की सुई तिच्याकडेच देते. दोरा ओवून परत देताना ती दर वेळी म्हणते, "वैनी, श्रद्धा कमी पडली तुमची."