सदतीस नंबरची ट्यूब

शीर सापडत नाही म्हणून बाकीच्यांनी हात टेकले की पेशंट ताईंकडे पाठवायचे. इस्पितळातल्या रक्त घेण्याच्या खोलीत त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यांची सुई म्हणजे मुंगी चावल्यासारखी, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'मुंगी' म्हणत.

घरी वडील आणि धाकटा भाऊ. भाऊ छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तीन वर्षांपूर्वी एकाएकी जायचा बंद झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आठवडा-आठवडा अंघोळ नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या. त्यानंतर निदान उठून बसायला लागला होता.

वडिलांना हे मुळीच पटत नव्हतं. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची हयात गेलेली.

"ताप नाही, बीपी माझ्यापेक्षा चांगलं. मग आजार आहे कुठे? अंगचोरी आहे नुसती."

"मनाचा आजार आहे, बाबा."

"मग कागदावर दाखव ना! तुझा तर धंदाच आहे तो."

हे ताईंना फार लागलं.

त्याच वर्षी इस्पितळात एक संशोधक बाई आल्या. साखर तपासून जसा मधुमेह कळतो, तशी नैराश्याची काही खूण रक्तात सापडते का, हे त्या शोधत होत्या. त्यांना पेशंट हवे होते आणि पेशंटची धडधाकट भावंडंही. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हे निदान नाही. आपण गटाची सरासरी काढतोय. एकट्याच्या आकड्यावरून काही ठरत नाही, म्हणून आकडा कुणाला सांगायचा नाही." ताईंनी सही केली.

भावाचं रक्त त्यांनीच घेतलं.

"ताई, यात दिसेल?"

"दिसेल रे," ताई म्हणाल्या. असं म्हणायला नको होतं.

त्याच्या ट्यूबवर त्यांनी सदतीस नंबरची चिठ्ठी लावली, स्वतःच्या ट्यूबवर अडतीस.

आकडे आले तेव्हा मशीनपाशी ताईच होत्या. इकडेतिकडे बघून त्यांनी दोन ओळी छापून घेतल्या. सदतीस अगदी स्वच्छ होता. अडतीसमध्ये शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन तिप्पट वाढलेलं. तो कागद तिथल्या तिथे फाडायचा, तर त्यांनी घडी घालून पर्समध्ये टाकला. का, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या पर्समध्ये आपल्या बीपीच्या गोळ्या शोधताना तो कागद वडिलांच्या हाती लागला.

"सदतीस कोण?"

कॉटवरून भाऊच म्हणाला, "मी. चिठ्ठी माझ्यासमोरच लावली तिने."

वडील मोठ्याने हसले. "म्हणजे आजारी ही, आणि लोळतो हा!"

भाऊही हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. त्याच हसण्याला ताई फसल्या. एकट्याच्या आकड्याला अर्थ नसतो, हे वाक्य तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळ्या सोडल्या. रोजची गोळी डबीतून जायची, पण मोरीत. ताई रिकामी डबी बघून निर्धास्त. पाचव्या आठवड्यात पहारेकऱ्याने त्याला पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून खाली आणलं. वाचला.

ताईंनी आपण होऊन संशोधक बाईंना सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. "तुमचा आकडा साध्या सर्दीनेही वाढला असेल. आणि त्याच्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. सांगितलं होतं."

दोन्ही नमुने अभ्यासातून काढले. ताईंनाही काढलं.

वॉर्डात वडील डॉक्टरांच्या मागे मागे फिरत होते. "आणखी एखादी टेस्ट राहिली असेल तर करून टाका. यंत्र जुनं असेल इथलं." मुलाच्या कॉटपाशी मात्र ते एकदाही बसले नाहीत.

भाऊ आता इस्पितळामागच्या गल्लीत एका खोलीत राहतो. दुपारी चार तास छापखान्यात जातो. वडिलांना तो दार उघडत नाही, ताईंना उघडतो. त्या रविवारी जातात. त्या आल्या की तो समोर उभा राहून गोळी घेतो, वर पाणी पितो आणि आ करून जीभ दाखवतो.

"अरे, मी विचारलं का?" ताई म्हणतात.

त्यांनी वाकून आत बघेपर्यंत त्याचं तोंड मिटत नाही.